पाण्यात उभा राहिलेला दगड

वुपर नदीकाठ,
सोमवार, ५ मार्च १८८८

हुल्डा,

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. पहिले दहा दिवस तू लिहिशील म्हणून वाट पाहिली. पुढचे सात दिवस तुझ्यावर चिडण्यात गेले. आता चीडही संपली, म्हणून लिहायला बसलो. माझा हात पात्यावर चालतो तसा कागदावर चालत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आज सोमवार, म्हणून नदीवरच्या आपल्या कोटनमध्ये धार लावायचे उरलेले पाचही दगड बंद उभे आहेत. मंडळी नेहमीप्रमाणे गुत्त्यात. सोमवारी धारवाल्यानं दगडाला हात लावला तर आकाश कोसळेल अशी आपली रीत. मी गेलो नाही. चूल पेटवली, बटाट्याचे घावन करायला घेतले, ते तव्याला चिकटले. तव्यावरून खरवडून काकवीशी खाल्ले. शेजारीण विचारायला आली, म्हटलं, मजेत आहे.

चौकशीसाठी बार्मेनहून साहेब येऊन गेला. त्यानं शेवटपर्यंत हातमोजे काढले नाहीत. त्याला सगळं श्रीगणेशापासून सांगावं लागलं. हा वाळूच्या खडकाचा दगड, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढा उंच. ह्याचा खालचा भाग फळ्यांनी झाकलेल्या कुंडात असतो. काम चालू असताना कुंडात पाणी हवं, नाहीतर पातं तापून धार मरते. काम संपलं की शेवटच्या माणसानं कुंडाचं बूच काढायचं आणि पाणी नदीला सोडायचं.

"का?" साहेब म्हणाला.

म्हटलं, साहेब, उभा दगड पाणी पितो. खालची बाजू पिते, वरची कोरडी राहते. मग फिरायला लागला की एक बाजू जड आणि मऊ, दुसरी हलकी आणि टणक. दगड स्वतःलाच फाडतो.

"म्हणजे त्या दिवशी बूच काढलेलं नव्हतं?"

"काढलं होतं," मी म्हटलं. "दगडच खोटा असणार, आत कुठंतरी चीर असणार. शिवाय नदीला वितळलेल्या बर्फाचं पाणी होतं, पाणचक्की जोरात होती. फरशी ओली दिसते ती पोरानं सकाळी पाणी आधी सोडलं आणि दगड फिरवणारा पट्टा मागून चढवला म्हणून."

त्यानं तसं लिहून घेतलं. सही मागितली, मी केली.

झालं. कागद मिटला. सात फेब्रुवारीच्या मंगळवारी सकाळी दगड फुटला आणि आपला एवाल्ड एकोणिसाव्या वर्षी गेला, ह्यात आता कुणी काही बदलू शकत नाही. कबरीपाशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "ज्यानं पाणी ठेवलं त्याच्या छपराखाली मी झोपणार नाही." आणि आठवड्यानं आपल्या धाकट्या झेल्माला कडेवर घेऊन भावाच्या शेतावर निघून गेलीस. म्हणजे मला विचारण्याआधीच निकाल दिलास. मी त्याबद्दल भांडत नाही. मी एवढंच म्हणतो की दगड खोटा होता आणि तू घरी ये.

झेल्माचा खोकला कसा आहे?

तुझा,
फेर्डिनांड

⁂

सोमवार, १९ मार्च

हुल्डा,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

तू लिहितेस, "दगड चांगला होता. हातोडीनं वाजवला तेव्हा मी शेजारी उभी होते, घंटेसारखा वाजला. आपल्या घरात पट्टा आधी आणि पाणी मागून, हे एवाल्डला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. आणि मी धावत आले तेव्हा फरशीवरच्या पाण्यात बर्फाच्या पापड्या होत्या. त्या सकाळी भरलेल्या पाण्यात कुठून येतील? मेलेल्या पोराच्या तोंडात खोटं घालू नकोस. पाणी कुणी ठेवलं, एवढंच लिही."

धारवाल्याच्या मुलीशी लग्न केलं की हे असं होतं. साहेबाला फसवता येतं, तुला नाही.

मला लाज वाटली, हुल्डा. सही करताना वाटली नव्हती, तुझं पत्र वाचताना वाटली. पाणी शनिवारपासूनचंच होतं. शनिवारी दिवे आवरायचा सण, हिवाळ्यातलं दिव्याच्या उजेडातलं काम संपल्याचा, संध्याकाळच्या भाजलेल्या मांसासाठी सगळ्यांना घाई. रविवार देवाचा. सोमवार आपला. मंगळवारपर्यंत दगड तीन रात्री पाण्यात उभा. दुसऱ्या कुठल्या धंद्यात दोनच रात्री झाल्या असत्या, आपल्याकडं तीन. आणि मंगळवारी सकाळी अंधारात एवाल्ड सगळ्यांच्या आधी गेला, कारण त्याला संध्याकाळच्या शाळेसाठी लवकर सुटायचं होतं. फळ्यांखाली वाकून कोण बघतो? बूच काढलेलं असतं, असंच धरून चालतो आपण.

पण कुणी ठेवलं ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. त्या संध्याकाळी इतकी गडबड होती.

त्याऐवजी दुसरं एक सांगतो, जे तुला ठाऊक नाही.

गेल्या बुधवारी टीलमान मास्तर आले, संध्याकाळच्या शाळेचे. म्हाताऱ्या कैसरसाठी सगळीकडं घंटा वाजत होत्या आणि हा माणूस दोऱ्याचं रीळ घेऊन माझ्या दारात. म्हणाले, "तुमच्या मुलानं वहीत एक आकृती काढली होती. ती बरोबर होती का ते बघायचंय. तुमची हरकत नसेल तर."

हरकत काय असायची. मी किल्ली दिली आणि मागोमाग गेलो. दानिएलकाका त्यांच्या दगडापाशी बसले होते. ते नाक वर करून म्हणाले, "काय मास्तर, दोऱ्यानं भिंत शिवणार काय?"

मास्तरांनी समोरच्या भिंतीला जिथं भगदाड पडलंय तिथं एक टोक खिळवलं आणि दोरा ताणत दगडाच्या जागेपर्यंत आणला. आपण सगळे काय समजतो? की दगड आतून बाहेर ढकलतो, म्हणून तुकडा आसापासून थेट बाहेर उडतो. दोरा आसाकडं गेलाच नाही. दगडाच्या खालच्या कडेला चाटून गेला. मग त्यांनी मागच्या दाराच्या चौकटीत तुकड्यानं पडलेल्या खाचेपासून दुसरा दोरा ताणला. तो दगडाच्या वरच्या कडेला चाटून आला.

"एवाल्ड बरोबर होता," मास्तर म्हणाले. "बाहेर ढकलणारं कुणी नसतंच. दगडाचा प्रत्येक कण सरळ जायला बघतो. शेजारचा कण त्याला आत ओढून धरतो, म्हणून तो वळतो. वेग दुप्पट झाला तर धरायला चौपट जोर लागतो. धरणाऱ्याची ताकद संपली की तो त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडंच सरळ जातो. रागानं नाही, कुणाला मारायला म्हणून नाही."

दानिएलकाका म्हणाले, "पन्नास वर्षं मी दगडापुढं बसतोय मास्तर, आणि दगडात सैतान असतो हे मला माझ्या बापानं सांगितलंय."

"मग सैतानाला भूमिती येते," मास्तर म्हणाले.

दुसरा दोरा एवाल्डच्या बैठकीवरून गेला होता, हुल्डा. बरोबर डोक्याच्या उंचीवर. आणि उडणारा तुकडा अडवायची आपली आडफळी त्याच्याखाली वीतभर.

आता ऐक. नाताळाच्या आधी एवाल्डनं मला हेच सांगितलं होतं. दगडावरचा चिखल भिंतीवर कुठं उडतो ते खडूनं आखून दाखवलं. "बाबा, आपली फळी छातीसमोर आहे, कारण आपण समजतो तुकडा आसातून सुटतो. तो वरच्या कडेवरून येईल. फळी हातभर वर हवी." मी म्हटलं, वर घेतली तर खिडकीचा उजेड अडेल आणि पातं दिसायचं नाही. खरं कारण ते नव्हतं. दानिएलकाका आणि बाकीचे हसतील, की फेर्डिनांड आता पोराकडून धंदा शिकतो, हे खरं कारण. मी त्याला म्हटलं, "तुझ्या मास्तरला आधी एक सुरी पाजवून दाखवायला सांग."

त्यानं खडू खिशात ठेवला.

परवा मी फळी वर घेतली. बैल गेला आणि झोपा केला, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुला सांगितलं. तेव्हा माझ्यावर रागवायला तुझ्याकडं खरं कारण आहे, आणि ते घेऊन तू घरी येऊन माझ्यावर रागाव. घरात बसून रागाव. मी उत्तर देणार नाही.

फेर्डिनांड

⁂

सोमवार, ९ एप्रिल

हुल्डा,

अमेरिका?

तुझ्या भावानं, आउगुस्टनं, घर-शेत विकलंय आणि दोन मेला ब्रेमेनहून त्याचं जहाज आहे, हे मला गुत्त्यात कळलं. तू आणि झेल्मा बरोबर जाताय हे तुझ्या पत्रानं कळलं. आपल्याकडं नवऱ्याला बातमी अशीच मिळते म्हणायचं.

फळीबद्दल तू लिहितेस, "ते मला माहीत होतं. एवाल्डनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मीही तुला काही बोलले नाही, तेव्हा ते ओझं आपण दोघांनी वाटून घेऊ." हे वाचून मी टेबलावर डोकं ठेवलं. आणि त्याच्याखाली तू लिहितेस, "पण फळीनं दगड फुटत नाही. पाण्यानं फुटतो. ज्यानं ठेवलं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दे. तू असशील तर तू असं लिही, मग मी निदान कुणाचा राग करायचा ते जाणून जाईन. तू नसशील तर कोण ते लिही, आणि मी घरी येते. न सांगणाऱ्याबरोबर मात्र मला राहता येणार नाही. मी रोज रात्री सहाही जणांचे चेहरे एकेक करून बघते."

तुझ्या पत्रानंतर मी वर शेतावर आलो होतो, हे तुला आउगुस्टनं सांगितलं असेल किंवा नसेल. तू दुसऱ्या कुणाची पाती पोचवायला शहरात गेली होतीस. तो फाटकात उभा राहिला, हात कमरेवर.

"दाजी, ती घरात नाही."

"मग मी थांबतो."

"थांबू नका. तुमचं पत्र आलं की ती दोन दिवस जेवत नाही. आत्ता कुठं सूप तरी घेतेय."

"आउगुस्ट, ती माझी बायको आहे."

"माझी बहीण त्याच्या आधीपासून आहे," तो म्हणाला. वाईट माणूस नाही तो. बोलताना खाली बघत होता. मग म्हणाला, "पोरीला भेटा हवं तर. दहा मिनिटं. आणि तिच्यादेखत रडायचं नाही."

झेल्मा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होती. तिच्या बुटाचा तळ सुटलाय, बघ जरा. आम्ही कोंबड्यांबद्दल बोललो. काळ्या कोंबडीचं नाव तिनं पाद्रीणबाई ठेवलंय. दुसरं काही बोललो नाही. खोकला कमी वाटला.

दानिएलकाकांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, "फेर्डिनांडा, माझं नाव लिही. माझ्या छातीत दगडाची धूळ भरलीय, पुढला नाताळ मी बघत नाही. म्हातारा विसरला असं लिही. बायको परत येईल तुझी." हाच माणूस मला पंचवीस वर्षं टोमणे मारत आलाय. मी एक क्षण विचार केला, हुल्डा. एक क्षण नाही, दोन दिवस केला. पण तू त्यांच्या दगडापुढून रोज जाणार, आणि त्यांच्या म्हातारीला बघून वाटेत थुंकणार. ते मला जमणार नाही.

मी तुला काय देऊ म्हणजे तू थांबशील? कोटन सोडायला सांग, सोडतो. वर शहरात वाफेच्या कारखान्यात जातो. दारू सोडू? सोडली. खरंच सोडली. सकाळी उठतो तेव्हा तुझ्या बाजूची उशी सरळ करतो आणि मग मला माझाच राग येतो. मला एकट्याला राहता येत नाही. हे मी पन्नाशीत लिहितोय, लाज सोडून.

प्रश्नाचं उत्तर मागू नकोस. बाकी काहीही माग.

फेर्डिनांड

⁂

सोमवार, २३ एप्रिल
(हे टपालात टाकायचं नाही.)

हुल्डा,

हे लिहून मी चुलीत घालणार आहे. पण एकदा कुठंतरी लिहिल्याशिवाय मला उद्याचं पत्र लिहिता येणार नाही.

मला सगळं आठवतं. कुणी ठेवलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

शनिवार, चार फेब्रुवारी. दिवस मावळत होता. तू टोपली घेऊन पाती न्यायला आलीस, झेल्मा तुझ्या बोटाला धरून. मी बाहेर पंपावर मान धूत होतो, दार उघडं होतं. एवाल्ड शेवटचं पातं पुसत होता.

तू म्हणालीस, "अरे किती वेळ, तिकडं मांस करपतंय. व्हा पुढं. बूच मी काढते."

तो म्हणाला, "बरं, आई." आणि अंगात कोट घालत बाहेर आला. माझ्याकडं बघून हसला. चेहऱ्यावर पिवळा चिखल तसाच होता.

तू शंभर वेळा काढलं असशील ते बूच. लग्नाआधी बापाच्या दगडाचं, लग्नानंतर माझ्या. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे. तू खाली वाकलीस हेही मी पाहिलं. तेवढ्यात अंगणात झेल्मा बर्फावरून घसरली आणि दगडी पायरीवर हनुवटी आपटली. ती जी किंचाळली, तू टोपली टाकून धावलीस. रक्त पुसलंस, तिला कडेवर घेतलंस, मी टोपली उचलली. आणि आपण सगळे घरी गेलो. जाताना कुलूप मी लावलं. किल्ली ज्याच्याकडं, शेवटची नजर त्याची, हा नियम मी स्वतः एवाल्डला शिकवलाय. मी आत पाहिलं नाही. मला मांसाचा वास येत होता.

तुला झेल्माची हनुवटी आठवते. तिला टाके पडले ते आठवतं. त्याआधी काय बोललीस ते आठवत नाही, कारण ते बोलणं नव्हतंच, सवय होती. म्हणून तू सहा चेहरे बघतेस आणि सातवा बघत नाहीस.

कबरीपाशी तू ते बोललीस तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. मुठीतली माती मी कबरीत टाकायची विसरलो. लोकांना वाटलं, दुःखानं.

मी साहेबाला खोटं सांगितलं, ते स्वतःला वाचवायला नाही. दगड खोटा म्हटलं की कुणीच दोषी नाही. मूर्खपणा केला, पोरावर शिंतोडा उडाला. पण मला दुसरं सुचलं नाही.

शेतावर झेल्मा कोंबड्यांबद्दल बोलली हे खरं. पण आधी तिनं खुराड्याचं दार लावून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला सांगू नका."

"विचार."

"मी पडले ना त्या दिवशी. मग आई आली. आई तेव्हा काय करत होती?"

"काही नाही गं. टोपली भरत होती."

"नाही. ती दगडाखाली हात घालत होती. मी पाहिलं, मग पडले." हनुवटीवरची खूण ती बोटानं चाचपत होती. "मी पडले नसते तर एवाल्डदादा असता का?"

सहा वर्षांची पोर, हुल्डा. धारवाल्याची मुलगी, तिलाही काही सांगावं लागत नाही. मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, "वेडी आहेस. आईनं बूच काढलं होतं. नंतर दगड धुवायला मी पुन्हा पाणी भरलं आणि काढायचं विसरलो. तू घरी टाके घालून घेत होतीस, तुला कसं दिसणार?"

तिनं हनुवटीवरचं बोट काढलं. "नक्की?"

"नक्की."

मग तिनं मला काळी कोंबडी दाखवली.

आता तूच सांग मी काय लिहू. कोण ते खरं लिहिलं तर तू घरी येशील. कुणाच्या घरी येशील? ज्यानं पाणी ठेवलं त्याच्या छपराखाली झोपणार नाही म्हणालीस. मग स्वतःच्या अंगातून कुठं निघून जाणार आहेस? मी तुला ओळखतो. तू नदीवर जाशील. आणि झेल्मा उभ्या जन्मात कळ सोसत राहील, की आई वाकली होती आणि मी किंचाळले.

मी हे खरं लिहून तुला थांबवू शकतो. हा कागद पाकिटात घालायचा, आउगुस्टच्या फाटकात द्यायचा, बस. परवापासून मनातल्या मनात मी तो तीनदा पाकिटात घातलाय आणि तीनदा काढलाय. तुझ्यावाचून मला जगता येत नाही हे खरं आहे, आणि तरी हा कागद दिला तर मला मिळेल ती तू नसशीलच.

शिवाय मी कुलूप लावलं. नजर माझी होती. अर्धं तर खरंच आहे.

⁂

मंगळवार, २४ एप्रिल

हुल्डा,

तू विचारलंस ते लिहितो.

पाणी मी ठेवलं. तू बूच काढलंस आणि झेल्माला घेऊन घरी गेलीस. मी टोपली घेऊन मागोमाग आलो खरा, पण किल्ली राहिली म्हणून परत गेलो. दगडाला चिखल दिसला, तो धुवायला बूच लावून पुन्हा पाणी भरलं. धुऊन झालं आणि कुलूप लावून निघून आलो. भुकेची घाई होती. आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं आणि तुला सांगायची हिंमत नव्हती. साहेबालाही मी काल पत्रानं हेच कळवलंय. एवाल्डवर आता त्या कागदात कसलाही दोष नाही.

दानिएलकाका, त्यांची म्हातारी, बाकी कुणाचा काही संबंध नाही. त्यांचे चेहरे आता बघत बसू नकोस.

स्टेशनवर मी येणार नाही, आउगुस्टला तसं सांग, म्हणजे त्याला फाटकात उभं राहावं लागणार नाही. तुझा लोकरीचा जाड कोट आणि एवाल्डच्या वह्या दानिएलकाकांच्या सुनेबरोबर पाठवल्यात. झेल्मासाठी नवे बूट त्याच गाठोड्यात ठेवलेत. एक मापानं मोठे घेतले, समुद्रावर पायमोजे दोन घालावे लागतील.

तू मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. तू जेवत जा, एवढंच.

आणि पाणी बाबानं ठेवलं होतं, हे झेल्माला सांग. तिनं विचारलं नाही तरी सांग. ती मोठी झाल्यावर पुन्हा सांग.

फेर्डिनांड